गाडी कशी आहे?

मोटारसायकल कागदोपत्री थोरलीच्या नावावर होती, पण होती भिंगरीची. त्याने ती घेतली तेव्हा त्याची नोकरी अजून कच्ची होती, म्हणून बहिणीच्या सहीने घेतली, एवढंच. पुढचं सगळं त्याने केलं. सुट्टीच्या सकाळी बनियनवर अंगणात बसून साखळीला तेल घालायचा, चिंधीने टाकी पुसायचा आणि आईने नाश्त्याला चारदा हाका मारल्या तरी उठायचा नाही. "तिच्याशीच लग्न लाव म्हणजे सुटेन मी," असं आई म्हणायची.

लहानपणी तो एका जागी ठरायचा नाही, घरभर गरगर फिरायचा, म्हणून वडिलांनी त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. वडील गेले, नाव राहिलं. मोठेपणी त्याला कामही तसंच मिळालं. लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत तो मेकॅनिक होता. कुठल्या इमारतीत कोण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की याचा फोन वाजायचा आणि हा अर्ध्या जेवणावरून उठून हेल्मेट चढवायचा.

थोरली त्याच्या उलट. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर एका खुर्चीत, मान खाली. काच नंबरप्रमाणे बरोबर कोनात बसली नाही तर माणसाला जिन्याच्या पायऱ्या वाकड्या दिसतात, डोकं दुखतं. त्यामुळे तिचं काम सावकाशीचं होतं आणि तिचा स्वभावही.

भिंगरीचा अपघात भर दुपारी झाला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार कुणीतरी मागे न बघता उघडलं आणि हा त्यावर जाऊन आदळला. जीव वाचला. पण दाराची काच फुटून त्याच्या डाव्या मनगटात घुसली, आणि बोटं हलवणाऱ्या शिरा आणि स्नायूंचे दोर आतून तुटले. मोटारसायकलचा एक आरसा वाकला, टाकीवर एक ओरखडा आला, बस्स. आईला याचाच राग. "माझं पोर कापलं गेलं आणि हिला काही नाही," असं म्हणून ती येताजाता गाडीकडे पाठ करायची.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिवायचं ते शिवलं आणि सांगितलं, की पुढचं काम माझं नाही, व्यायामाचं आहे. त्यासाठी दुसऱ्या शहरात एक केंद्र होतं, तिथे राहूनच उपचार घ्यावे लागत. पहिले काही महिने फार मोलाचे, हात तेवढ्यात जितका परत येईल तितका आपला. निघताना भिंगरीने बॅग उजव्या हातात धरली होती आणि डावा हात गळ्यातल्या पट्टीत होता. आईच्या पाया पडला, आणि मग थोरलीला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा गाडी चालू करशील? पाच-दहा मिनिटं नुसती उभ्या उभ्या चालू ठेव. नाहीतर बॅटरी उतरते."

"मला येते का चालू करायला?"

"मी दाखवतो."

आणि तिकडे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना त्याने तिला एका हाताने दाखवलं होतं.

थोरलीने शब्द पाळला. दर रविवारी सकाळी ती अंगणात जायची, गाडी चालू करायची आणि बाजूला पायरीवर चहाचा कप घेऊन बसायची. सुरुवातीला तिला त्या आवाजाची भीती वाटायची, नंतर सवय झाली. रविवारी संध्याकाळी भिंगरीचा फोन यायचा. "गाडी कशी आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. आईची चौकशी दुसरी.

मग आईचे गुडघे बसले. म्हणजे दुखत तर आधीपासून होते, पण आता तिला बसची पायरी चढवेना. डॉक्टरकडे नेताना एकदा बस सुरू झाली आणि आई दाराच्या दांड्याला लोंबकळली. थोरलीने तिला मागून धरलं म्हणून वाचली. त्या दिवशी घरी आल्यावर आई गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, "लोक नाही का घेत छोटी मोटार? आपण काय आयुष्यभर पायपीटच करायची?"

"पैसे?"

"दारात ती उभी आहे ना, ती घाला त्यात."

"आई, ती त्याची आहे."

"त्याला काय करायचीय आता?" आई म्हणाली. "बोटं मिटत नाहीत त्याची. आणि मिटली तरी मी बसू देणार आहे होय त्याला परत? जीव वाचला तो काय कमी आहे?"

थोरली उठून स्वयंपाकाला लागली. पण बोलणं मनात राहिलं. चष्म्याच्या दुकानासमोरच मोटारींचं शोरूम होतं, आणि काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जुनी दुचाकी द्या, नवी मोटार न्या. ती रोज येताजाता ते वाचत होती. मग एक दिवस नुसतं विचारून बघू म्हणून आत गेली. टाय लावलेला एक तरुण पुढे आला, त्याने तिला थंडगार पाणी दिलं, गुबगुबीत खुर्चीत बसवलं आणि उरलेल्या पैशांचे हप्ते असे काही समजावले की जणू न घेणंच महागात पडणार होतं. नुसतं विचारून बघायला गेलेली माणसं त्या खुर्चीतून रिकामी उठत नसावीत.

भिंगरीला विचारायला हवं, हे तिला माहीत होतं. त्या रविवारी तिने ठरवलंही होतं. पण फोन आला तेव्हा तो इतका खुशीत होता! "ताई, आज अंगठा हलला. जरासाच. पण हलला." यावर काय बोलणार? ती म्हणाली, "वा!" आणि विषय पुढच्या रविवारवर गेला. पुढच्या रविवारी तो थकलेला होता. त्याच्या पुढच्या रविवारच्या आत शोरूमवाल्याने सांगितलं, की योजना संपत आली. सही तर तिचीच लागणार होती.

मोटारसायकल तपासायला शोरूमच्या मागच्या आवारात एक वयस्क माणूस होता. त्याने गाडी चालू केली, कान देऊन ऐकली, टाकीवरून हात फिरवला. "निगा राखलीय," तो म्हणाला. "कोण चालवतं?"

"भाऊ."

"त्याला नकोशी झाली?"

"तो आता नाही चालवू शकणार," थोरली म्हणाली.

हे वाक्य तिने तोपर्यंत कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मनातसुद्धा धड नव्हतं.  त्या माणसाने मान हलवली आणि कागदावर काहीतरी खूण केली. कुणीतरी गाडी ढकलत शेडमध्ये नेली. वाकलेला आरसा भिंगरीने जाण्याआधी सरळ करायचा राहून गेला होता, तो तसाच होता.

मोटार ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी आईच्या आणि तिच्या हातात पुठ्ठ्याची एक अगडबंब किल्ली दिली आणि फोटो काढला. "मॅडम, हसा की जरा!" टायवाला ओरडला. आई तोंडभर हसली. फोटोत थोरली अशी दिसते की जणू ती किल्ली खरीच लोखंडाची आहे आणि तिच्या एकटीच्याच हातात आहे.

थोरलीला मोटार चालवता येत होती. पूर्वी दुकानाच्या मालकाची मोटार ती कधीमधी चालवायची. आई पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला आणि राणीसारखी बाहेर बघत घरी आली. "एक काम कर," वाटेत ती म्हणाली, "त्याला आत्ता काही सांगू नकोस. तिथे एकटा आहे. मनाला लावून घेईल. आला की आपोआप दिसेलच."

थोरलीला हे पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं.

रविवारी फोन आला. "गाडी कशी आहे?"

"छान आहे," थोरली म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने स्वतःची समजूत घातली, की यात खोटं काही नाही. गाडी छानच होती. दारात उभी होती, पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा आईने अजून काढू दिलं नव्हतं. त्याने गाडी म्हटलं, हिने गाडी म्हटलं. पण त्याच्या पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "चालू केली होतीस ना सकाळी?" आणि ती म्हणाली, "हो." या "हो"ला मात्र कुठलीच पळवाट नव्हती.

एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं म्हणावं, तर तसंही झालं नाही. रविवार जवळ आला की शुक्रवारपासूनच तिचं कामात लक्ष लागायचं नाही. दुकानात तिने एका मास्तरांच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. मास्तर दुकानाच्या दारातच अडखळले. मालक म्हणाला, "तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं. घरी ठीक आहे ना?" ती म्हणाली, "हो." "हो" म्हणायची सवयच लागली होती.

आईला मात्र यातलं काही टोचत नव्हतं. आई मोटारीतून डॉक्टरकडे जात होती, भाजी आणायला जात होती, एकदा तर नुसतीच गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला आला होता. थोरली तो बघायची आणि मनाला म्हणायची, बघ, चुकीचं काही केलं नाहीस. मन ऐकायचं, आणि रविवारी पुन्हा तेच.

मग एका रविवारी भिंगरी म्हणाला, "ताई, एक गंमत करशील? गाडी चालू करून फोन जवळ धर. मला ऐकायचीय."

थोरलीने दारातल्या मोटारीकडे पाहिलं. "आत्ता?"

"मग कधी? आज फार कंटाळा आलाय गं. दिवसभर एक स्प्रिंग दाबतोय. ऐकव ना."

खरं सांगायची ती वेळ होती. याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. थोरलीने तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते असं, "थांब, किल्ली शोधते. मी करते परत फोन."

शेजारी एक फोटोग्राफर राहत होता. लग्नाबिग्नाचे फोटो काढायचा, आणि त्याच्याकडे त्याच कंपनीची, जवळजवळ तशीच मोटारसायकल होती. थोरली चपला न घालताच त्याच्या दारात गेली. त्याने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "अहो, हे काय भलतंच? मला यात घेऊ नका. उद्या तो आला की माझ्या तोंडाकडे बघेल."

"एवढी एकच वेळ," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तो मुकाट्याने किल्ली घेऊन खाली उतरला.

गाडी चालू झाली. थोरलीने फोन इंजिनाजवळ धरला. फोटोग्राफर दुसरीकडे बघत हळूच अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळत होता. मग तिने फोन कानाला लावला. "ऐकलंस?"

पलीकडून काहीच आलं नाही. तिला वाटलं फोन कट झाला. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी साधा. "हो. बंद कर आता. पेट्रोल जळतंय उगाच."

"बरी वाटली ना?"

"बरी आहे. आईला सांभाळ." आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी त्याने गाडीचं विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. थोरलीला सुटल्यासारखं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल तर या सुटल्यासारखं वाटण्याची. तो गप्प का झाला, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण प्रश्न विचारला की उत्तर येतं, म्हणून तिने तो पडूच दिला नाही.

केंद्रातले महिने संपले आणि त्याला आणायला थोरली एकटीच मोटार घेऊन गेली. वाटेत सगळं सांगून टाकायचं, हे तिने पक्कं केलं होतं. कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा जुळवली होती. रिकाम्या सीटकडे बघून ती मोठमोठ्याने म्हणून बघत होती, तेव्हा सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई तिच्याकडे टकमक बघायला लागली.

भिंगरी सामान बांधत होता, तेवढ्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. लांबलचक टेबलावर रबरी चेंडू, लाकडी खुंट्या, कपड्यांचे चिमटे, बादलीत कच्चे तांदूळ असं काय काय पडलं होतं. कोपऱ्यात लोखंडी चौकटीला मोटारसायकलचा, डाव्या हाताने ओढायचा क्लचचा दांडा स्क्रूने बसवला होता, मागे स्प्रिंग लावून.

"हे त्यानेच करून घेतलं," बाई म्हणाल्या. "आल्याबरोबर म्हणाला, मला बाकी काही नको, हा दांडा ओढता आला पाहिजे. माझे पेशंट रडतात, चिडतात. हा हसत करायचा. जेवणाच्या सुट्टीत येऊन करायचा. बोटं बऱ्यापैकी मिटायला लागली होती. दांडा अर्धा यायचा." त्यांनी दांड्यावर बोट टेकवलं. "मग एकाएकी सोडलं त्याने. सांगितलं तेवढं करायचा, पण हातात जीव नसल्यासारखं. मी खूप विचारलं. पुरे झालं, एवढंच म्हणायचा. घरी काही झालं होतं का?"

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"झाला दीडेक महिना. सोमवारी आला तोच वेगळा. रविवारी तर संध्याकाळपर्यंत इथेच बसून ओढत होता. घरी फोन करून येतो म्हणून गेला."

थोरलीने क्लचच्या दांड्याकडे पाहिलं. रबरी मूठ झिजून गुळगुळीत झाली होती.

"आता पुढे?" तिने विचारलं.

"व्यायाम चालू ठेवला तर अजून सुधारेल. पण खरं सांगू का, मधले आठवडे गेले ते गेले. दोर आतून चिकटतात. तेवढं भरून निघेलच असं मी नाही म्हणणार."

खाली आल्यावर भिंगरीने मोटारीभोवती एक चक्कर मारली. उजव्या हाताने छतावर थाप मारली. "छान आहे गाडी," तो म्हणाला. आणि मागचं दार उघडून मागे बसला, सामानाशेजारी.

"पुढे बस ना."

"असू दे. पाय पसरता येतात."

थोरलीने मोटार रस्त्यावर काढली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. आरशात तो खिडकीबाहेर बघताना दिसत होता. डावा हात मांडीवर उताणा, बोटं अर्धवट वाकलेली. "भिंगरी, ऐक ना," ती म्हणाली, "मला तुला एक—"

"समोर बघ, ताई. ट्रक आहे."

ट्रक खरंच होता. तो गेल्यावर भिंगरीने डोळे मिटून डोकं मागे टेकलं.

घरी आईने त्याला कवटाळलं, रडली, हसली, मग मोटारीबद्दल सांगत सुटली. मोटारसायकल नाही याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. अंगणात ती उभी असायची तिथल्या फरशीवर तेलाचा डाग होता. भिंगरी त्याच्यावरून चालत आत गेला.

त्यानंतरचे दिवस थोरलीला फार जड गेले. तो भांडला असता, ताट भिरकावलं असतं, तर तिला चाललं असतं. पण तो तिच्याशी पाहुण्यासारखा वागत होता. "ताई, त्रास घेऊ नकोस." "ताई, मीठ देतेस का जरा?" लहानपणापासून तिच्या ताटातला घास उचलून खाणारा हा, आता मीठ मागताना "जरा" म्हणत होता. कंपनीने त्याला ऑफिसात बसवलं. लिफ्ट अडकली की लोक फोन करायचे, तो फोन आता हा घ्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. व्यायामाचा चेंडू कपाटावर होता, तिथेच राहिला.

थोरली शोरूममध्ये गेली. मोटारसायकल परत मिळेल का म्हणून. टायवाल्याने आता पाणीबिणी काही विचारलं नाही. गाडी कधीच विकली गेली होती. तिने फार गळ घातली तेव्हा त्याने घेणारीला फोन करून विचारलं आणि पत्ता दिला.

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी एक नर्स होती ती. मोटारसायकल तिच्या जिन्याखाली उभी होती. मागे औषधांची पेटी बसवली होती आणि आरसा सरळ केलेला होता. थोरलीने सगळं सांगितलं. नर्सने हातातलं काम ठेवून ऐकलं.

"मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण मी नाही देणार. हिच्याशिवाय माझं कामच अडेल. एका आजोबांना सकाळी सुई लागते, ते माझी वाट बघत बसलेले असतात." मग गाडीकडे बघत, "तुमच्या भावाला हवं तर घेऊन या. बघू दे. चालवू दे."

थोरली परत निघाली ती रडत नव्हती, पण मोटार चालू केल्यावर तिला बराच वेळ गिअर टाकायचं सुचेना. आता काही परत करण्यासारखं तिच्याजवळ उरलं नव्हतं. होतं ते फक्त बोलणं.

तिने ते त्याच संध्याकाळी केलं. भिंगरी स्वयंपाकघरात उभा राहून पाणी पीत होता. आई आतल्या खोलीत पाय शेकत बसली होती.

"मी तुझी गाडी विकली," थोरली म्हणाली. "तुला न विचारता. आणि नंतर दर रविवारी तुझ्याशी खोटं बोलले. आणि तो आवाज—"

"फोटोग्राफरच्या गाडीचा होता," भिंगरी म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"माझ्या गाडीचा आवाज मला कळणार नाही? त्याची चेन सैल आहे, खडखडते. कितीदा सांगितलंय मी त्याला." त्याने पेला खाली ठेवला. "तू गाडी विकलीस हे कळलं तेव्हा मला एवढं नाही लागलं. लागलं ते हे, की तू मला वेडा बनवायला शेजाऱ्याच्या दारात गेलीस. मी तिथे वेड्यासारखा तो दांडा ओढतोय, आणि इथे तुम्ही दोघी ठरवून मोकळ्या. याचा हात काही येत नाही म्हणून."

"तसं नव्हतं—"

"तसंच होतं! विकताना तुला वाटलं होतं का, की मी परत चालवेन? खरं सांग. एकदा तरी खरं सांग!"

थोरलीने भिंतीला हात टेकला. "नाही," ती म्हणाली. "नव्हतं वाटलं."

आता तो ओरडायला लागला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. आतून आई लंगडत आली. "तिला काय बोलतोस? मी सांगितलं होतं तिला!"

"आई, तू मध्ये पडू नकोस. तू आधीपासून उघड बोलत होतीस. हिने मला शब्द दिला होता." तो थोरलीकडे वळला. "विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. कडाडून भांडलो असतो. मग तू विकली असतीस तरी मला कळलं असतं की कुणाशी भांडायचंय. तिथे त्या खोलीत बसून मी कुणाशी भांडू? स्वतःच्या बोटांशी?"

"बाई म्हणाल्या, तू व्यायाम सोडलास," थोरली कशीबशी म्हणाली. "माझ्यामुळे."

त्याने पेला उचलून पालथा घातला. त्याने नाही म्हणावं असं तिला फार वाटत होतं, आणि असं वाटतंय याचीही तिला शरम वाटत होती.

"सोडला मी," तो शेवटी म्हणाला. "ते माझं मी बघेन. पण का सोडला ते तुला माहीत आहे. ते मी खोडून नाही काढणार."

मग तो बाहेर निघून गेला, आणि दार इतक्या जोरात आपटलं की आईने कपाळाला हात लावला. थोरली तिथेच खाली बसली. तिला वाईट वाटत होतं, आणि तरीही कितीतरी दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

भिंगरी त्यानंतर गोड बोलला नाही. तुसडेपणाने वागायला लागला, आणि घराला घरपण आलं. भाजी खारट झाली तर खारट म्हणू लागला. तिने शिजवून ठेवलेलं न विचारता संपवू लागला. काही दिवसांनी त्याने स्वतःच एका दवाखान्यात नाव घातलं आणि संध्याकाळचा व्यायाम सुरू केला. थोरली त्याला सोडायला जायची. वाटेत तो रस्त्यावरून तिच्याशी हुज्जत घालायचा. इकडून कशाला घेतलीस, तिकडून लवकर पोचलो असतो. नर्सचं तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्याच्या जिन्याखाली जाऊन माझी गाडी बघू? नको." आणि ते कायमचंच नको झालं.

हात सुधारला, पण पूर्ण नाही. शेवटची दोन बोटं अर्ध्यावर येऊन थांबत, पुढे जात नसत. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. आधी जास्त झालं असतं का, हे थोरलीने विचारलं नाही. दुकानात काच घासताना कधीकधी तिचं लक्ष आपल्याच बोटांकडे जायचं, ती सगळी कशी हवी तशी मिटतात उघडतात, आणि ती यंत्र थांबवून क्षणभर बसायची.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी तिच्यासमोर हात पसरून म्हणाला, "किल्ली दे. मला शिकव."

"मोटार?"

"मग काय विमान?"

त्या दिवशी बाजार बंद असल्याने त्याच्या मागचं मैदान मोकळंच होतं. थोरली शेजारच्या सीटवर बसली. भिंगरीने आरसे लावले, सीट पुढे घेतली, पायाने क्लच दाबला. क्लच इथे पायाखाली होता; पण गिअरचा दांडा डाव्या हाताला. त्याने तळवा टेकवून दांडा पुढे रेटला. तो गेला नाही. पुन्हा रेटला. बोटं दांड्यावरून निसटली आणि खरखर असा भयंकर आवाज झाला.

थोरलीने नकळत आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि जोर लावायला गेली.

"हात काढ, ताई."

"अरे, जरासा धक्का—"

"हात काढ."

तिने हात काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला. भिंगरीने कोपर शरीराशी घेतलं, मनगट वळवलं, आणि तळव्याच्या टाचेने दांडा ढकलला. या वेळी तो खट्कन बसला. मोटार एक गचका खाऊन पुढे सरकली, बंद पडली, त्याने शिवी हासडली, पुन्हा चालू केली. मग ती हळूहळू मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. वळायची वेळ आली तेव्हा थोरलीच्या ओठांवर सूचना आली होती. तिने ती गिळली आणि तो कुठे वळतो ते बघत बसली.